निर्व्यसनी पंच

अंजनगावजवळच्या एका वावरात, तुरीच्या धुऱ्यावर पुरलेल्या डब्यात पोलिसांना चरसची काळी गोळी सापडली. डबा कोणाचा, ते गावात कोणी सांगेना. पंचनाम्यासाठी पंच म्हणून किसनरावांना बोलावलं, कारण अख्ख्या गावात सुपारीचंही व्यसन नसलेला तेवढा एकच माणूस.

"मले त यातलं काईच समजत नाई, साहेब," म्हणत त्यांनी सही करायला चष्मा लावला.

जमादारानं गोळी चिमटीत दाबली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "एकदम फालतू माल हाय. अर्धं त शेणच कालवलं यात."

किसनरावांनी पेन खाली ठेवला.



"शेण काहून कालवीन मी, साहेब? चार दिवस ह्याच हातानं मळली हाय."