हाताची घडी

पालकसभेत मी तावातावाने उठले आणि फळ्याकडे बोट दाखवलं. “बाई, तुम्हीच ‘हार्दिक स्वागत’ चुकीचं लिहिलंत, तर मुलांनी शिकायचं काय?”

बाईंनी शांतपणे खडू माझ्या हातात दिला. “करा दुरुस्त.”

मी ‘हार्दिक’ पुसलं आणि तिथेच अडकले. आधीची कुठली होती तेच आठवेना; बरोबर वेलांटी पहिली की दुसरी? मागच्या बाकावरून कुणाचे तरी बाबा ओरडले, “पहिली.” पुढच्या बाकावरच्या आजी कडाडल्या, “दुसरीच.” मग सगळा वर्ग पेटला. कुणी बाकावर चढलं, कुणी मोबाइल काढला, एका काकांनी तर उगाचच डस्टर फेकलं.

बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. “हाताची घडी, तोंडावर बोट.”

सगळे पालक चिडीचूप. माझंही बोट आपोआप ओठांवर गेलं आणि खडूची पांढरी मिशी उमटली. फळ्यावर नुसतंच ‘स्वागत’ उरलं होतं.

दाराशी मुलं तोंड दाबून हसत होती. माझी मुलगी मनवा, वर्गाची मॉनिटर, तेवढी गंभीर चेहऱ्याने आत आली. तिने माझ्या हातातला खडू घेतला, फळ्याच्या कोपऱ्यात ‘दंगा करणाऱ्यांची नावे’ असं लिहिलं आणि खाली पहिलंच नाव टाकलं: ‘आई’.