हातात येतो तो पगार

"राजीनामा राहू द्या बाजूला. आधी हे बघा." पगार विभागातल्या बाईंनी तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा शेजारीशेजारी ठेवल्या आणि वरच्या ओळीवर बोट टेकवलं. "तुमचा नवरा तुमच्यापेक्षा कमी कमावतो."

ती हसली. बाईंचं काहीतरी चुकत होतं. नोकरी सोडताना करखात्याला कळवायला दोघांच्या स्लिपा लागतात, म्हणून तिनं नवऱ्याची आणली होती. स्पर्धा लावायला नव्हे. नवरा इंजिनियर, पुलांचे आराखडे करणारा. ती या लॅबमध्ये खोटे दात बनवायची, कॅप, कवळ्या, ब्रिज. "आम्ही दोघंही पूलच बांधतो. याचे नदीवर, माझे जबड्यात," असं ती पाहुण्यांना सांगायची. पण चार वर्षांत तिचा पगार त्याच्या पगाराच्या जवळपासही फिरकला नव्हता.

"तुम्ही भलताच आकडा बघताय," ती म्हणाली. "खालचा बघा ना. हातात येतो तो."

"खालचा नाही, वरचा बघायचा. कर कापायच्या आधीचा."

वरचा आकडा तिनं आजवर पाहिलाच नव्हता. कशाला पाहायचा? माहेरी काय, सासरी काय, सगळे एकच विचारतात, हातात किती येतात? जे हातात येत नाही ते आपलं कसलं? बँकेत जमा झालेली रक्कम बघायची आणि महिन्याचं सामान भरायचं, एवढाच तिचा अर्थशास्त्राचा अभ्यास.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. या देशात नवरा-बायकोची करातली सूट एकत्र करून एकाच्याच नावावर टाकता येते. मग त्याचा कर अगदी थोडा कापला जातो. दुसऱ्याला मात्र सूटच उरत नाही, त्याचा कर पहिल्या पैशापासून सुरू होतो. "तुम्ही इथे आलात तेव्हा तुम्हाला नोकरी नव्हती. म्हणून दोघांची सूट त्यांच्या नावावर गेली. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढे तुम्ही कामाला लागलात आणि बदलायचं राहून गेलं."

"म्हणजे माझी सूट..."

"त्यांच्या पगारात दिसते. तुमच्या घरात एकूण पैसे जवळपास तेवढेच येतात हो. फक्त ते कुणाच्या नावावर दिसतात, एवढाच फरक."

एवढाच फरक! तिची दातखीळच बसली. 'माझ्या पगारात काय, भाजी येते,' असं ती चारचौघांत स्वतःच म्हणायची आणि लोक हसायचे. साधे बूट घ्यायचे तरी आधी नवऱ्याला विचारायची. त्यानं कधी विचारायला लावलं नव्हतं, तिची तीच विचारायची.

आणि हा राजीनामा. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता. पुढच्या महिन्यात ते कायमचे यांच्याकडे यायचे होते. त्यांचं उठणं-बसणं, आंघोळ, जेवण सगळंच दुसऱ्याच्या हातून होणार, तेव्हा दोघांपैकी एकानं नोकरी सोडणं भागच होतं. नवऱ्यानं ते तिच्यावर लादलं नव्हतं. "बायको म्हणून तूच सोड, असं मी कधीच म्हणणार नाही," तो म्हणाला होता. "ज्याचा पगार कमी, त्यानं सोडायची. माझा कमी असता तर मी सोडली असती." ऐकून तिला भरून आलं होतं. बहिणीला फोन करून तिनं नवऱ्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं. मग बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडली होती, कारण दात घडवायचं ते काम तिला जिवापाड आवडायचं. पण हिशोब म्हणजे हिशोब. तिथे रडून काय उपयोग?

राजीनामा पर्समध्ये कोंबून ती घरी आली.

नवरा बाहेरच्या खोलीत बाबांसाठी आणलेला पलंग जोडत होता. तिनं दोन्ही स्लिपा त्याच्यापुढे धरल्या आणि बाईंनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यानं पाना खाली ठेवला. आकडे वाचले, पुन्हा वाचले, मोबाइलवर हिशोब केला. मग पलंगाच्या रिकाम्या चौकटीवर मटकन बसला.

"खरंच गं. तुझाच जास्त आहे. चांगलाच जास्त."

"तुला माहीत होतं?"

"शप्पथ नाही! मीही खालचाच आकडा बघत होतो." त्याचा चेहरा पार उतरला होता. "उद्याच जाऊन ती सूट सारखी करून घेऊ. माझंच लक्ष नव्हतं. चुकलं माझं."

तो खोटं बोलत नव्हता. हा माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात आणि आत्ता ते पांढरे पडले होते. तिचा राग कुठल्या कुठे गेला. उलट त्याचीच कीव आली. बिचाऱ्याचे पूल! नदीपासून लांब, दिवसभर घरात याला कसं करमणार? ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाबांना उचलायचं कसं, अंग पुसायचं कसं, ते दोघं मिळून शिकू. सुट्टीच्या दिवशी सगळं ती बघेल, म्हणजे त्याला जरा मोकळं होता येईल. येताना बसमध्ये तिनं सगळं ठरवूनच टाकलं होतं.

"मग, तुझ्या ऑफिसात कधी सांगतोस?" तिनं हळूच विचारलं.

"काय सांगायचं?"

"नोकरी सोडतोय म्हणून."

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. आकडे बघून बसला नव्हता एवढा धक्का त्याला आत्ता बसला होता.

"मी?" तो म्हणाला. "अगं, तुझा पगार कमी वाटत होता, म्हणून तर तो कमी पगाराचा नियम ठरवला होता!"