सात ठिपके

थोरला रोज दुपारी जेवून खोलीत यायचा, तेव्हा कॉम्प्युटरवर त्याचं मृत्युपत्र उघडं दिसायचं. त्याचा संशय सरळ धाकट्या भावावर गेला.

"दादा, शप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही!"

दुरुस्तीवाला येऊन व्हायरस शोधून गेला. त्याला काहीच सापडलं नाही. मग थोरल्याने इंटरनेटची वायर काढली, धाकट्याला पाठ फिरवायला लावून पासवर्ड बदलला आणि कीबोर्ड उपटून मांडीवर घेतला.

"आता बघतोच, कोण उघडतं ते!"

धाकटा हाताची घडी घालून समोरच बसला.

पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत एक ठिपका उमटला. मग दुसरा उमटला. थोरला ओठांतल्या ओठांत मोजू लागला.

सातव्यानंतर ठिपके थांबले. नव्या पासवर्डात सातच अक्षरं होती.

थोरल्याने चाचपडत धाकट्याचा हात धरला.