बिबड्यांचं मार्केटिंग

पाचोऱ्याच्या केसरबाईंचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, इन्स्टाग्रामवर कुणी बघेना. एकदा शूटिंग सुरू असतानाच त्यांनी सुनेला झाडलं, "बिबडा शे का गोधडी शे वं?" ती रील गाजली आणि ऑर्डरी सुरू झाल्या.

सून दीपमालाने लगेच महिन्याचं नियोजन केलं. सोमवारी मीठ जास्त, गुरुवारी माहेरचा उद्धार. टोमणे रचायला रोज एकत्र बसून दोघींची इतकी गट्टी जमली, की कॅमेऱ्यासमोर नुसत्या हसत सुटायच्या. ऑर्डरी आटल्या.

धंदा वाचवायला मुलगा नवल आईच्या कानाला लागला, "दीपमाला म्हणते, तुझ्या बिबड्यांना चव नाही."

दोघींनी मिळून कॅमेऱ्यासमोरच नवलला धुतलं.

धुळ्याहून पहिली कमेंट आली, "पाच किलो पाठवा. आणि नवलभाऊला रोज घेत चला."