पट्ट्याचं रिचार्ज

हेरंबच्या हातून काम होईनासं झालं, तेव्हा कंपनीने नियमाप्रमाणे त्याच्या वडिलांना, नानांना, बोलावून घेतलं. माणसांच्या मेंदूतली लहानपणची भीती पिळूनच ही कंपनी चालायची, आणि हेरंबचा भीतीचा मीटर त्रेचाळिसाव्या वर्षी शून्यावर आला होता.

तंत्रज्ञाने पट्टा पुढे केला. "काका, फार नको, चारच फटके. पूर्वीसारखे. नाहीतर यांची नोकरी जाईल."

"माझ्या पोराला मारू? हरामखोरा!" नानांनी पट्टा तंत्रज्ञाच्याच तोंडावर सपासप ओढला. दोन दात उडाले. तो टेबलाखाली घुसला, तसे नाना धापा टाकत वळले. "हेरंबा, चल घरी. चुकलो रे मी."

हेरंब मान खाली घालून की-बोर्ड बडवत होता. "आजच संपवतो, नाना. मारू नका."

टेबलाखालून तंत्रज्ञ म्हणाला, "बास काका, भरला मीटर."