तीन दिवसांचा कॅमेरा

"तीन दिवस वापरून बघा, नाही आवडला तर परत आणा," म्हणत फोटोवाल्या वाकुईने कॅमेरा पुढे सरकवला. "आत सगळं डिजिटल आहे, पण रूप बघा! तुमच्या लग्नाच्या वेळी मिळायचे ना, अगदी तसाच."

तेइझोने तो हातात घेतला. मुठीत मावेल एवढा, वरून चंदेरी, अंगाला काळं चामडं. डोक्यावरच्या चकत्या फिरवल्या की कटकट आवाज यायचा. ओनोमिचीच्या खाडीत अडतीस वर्षं फेरीबोट हाकलेल्या तेइझोला असल्या नखऱ्यांचं कौतुक नव्हतं. त्याला फक्त एक फोटो हवा होता, बायकोचा.

"देवघरात, गेलेल्या आईशेजारी ठेवायचा असेल, तर कपडे कसे का असेनात," तो म्हणाला, "मागाहून बदलता येतात ना?"

"चेहरा तेवढा चांगला द्या. काळा किमोनो मी चढवतो." वाकुईने कॅमेरा पिशवीत घातला.

गेल्या आठवड्यात तांदळाच्या डब्यामागे त्याला एक पाकीट सापडलं होतं. आत इस्पितळाचं माहितीपत्रक होतं. ज्यांच्यावर आता उपचार नाहीत, अशांना ठेवतात त्या वॉर्डाचं. समासात बायकोचं, सुमिएचं, बारीक अक्षर: 'तीन महिने, फार तर चार. ह्यांना सांगायचं नाही.'

महिन्यापूर्वी दोघांची एकदमच तपासणी झाली होती. निकाल आणायला सुमिए एकटीच गेली आणि येऊन म्हणाली, "दोघंही ठणठणीत. तुम्हाला पोटासाठी तेवढ्या गोळ्या दिल्यात." केवढं धडधडीत खोटं! आणि तेही हसत.

त्याने पाकीट होतं तिथे ठेवून दिलं. आईच्या आजारपणात डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि त्याने आईला शेवटपर्यंत काही कळू दिलं नव्हतं. न बोलणं त्याला जमत होतं. पण आई गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो निघाला नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून काढावा लागला. काळ्या चौकटीत आईशेजारी एका परक्या बाईचा खांदा अजून दिसतो. रोज सकाळी उदबत्ती लावताना तेइझोला त्या खांद्याची लाज वाटायची. सुमिएच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नव्हतं, आणि ती तर कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारी.

पहिल्या दिवशी त्याला तिची पाठ मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पंजा.

"अहो, म्हातारपणी हे काय खूळ?"

"घेण्याआधी चालवून बघायला नको? तू जरा इकडे बघ."

"मांजराचा काढा. त्याला हौस आहे."

जेवायला तिने आनागो मासा भाजला होता. आठवड्यात तिसऱ्यांदा. त्याला आवडतो म्हणून. आपल्या वाडग्यातले तुकडे तिने उचलून त्याच्या भातावर ठेवले.

"तू खा ना."

"मला नको झालाय. तुम्ही खा, पट्ट्याला पुन्हा नवीन भोक पाडावं लागलं."

"बोटीचे दोर ओढणं बंद झालं, उतरणारच अंग," तो म्हणाला. तिची भूक गेलेली बघून त्याच्याच घशाखाली घास उतरेना. लेक चिनात्सु हल्ली दर रविवारी फुकुओकाहून यायची आणि नळ सोडून भांडी घासत रडायची. तिलाही ठाऊक होतं तर. सगळे मिळून आपल्यालाच फसवताहेत, याचा त्याला रागही आला आणि रडूही.

जेवणानंतर सुमिएने कॅमेरा उचलला. त्याच्या चकत्या फिरवून बघितल्या.

"एक माझा, एक तुमचा," ती एकदम म्हणाली. "कबूल?"

तो उडालाच. घाईघाईने त्याने तिला खिडकीपाशी बसवलं. तिने केस सारखे केले आणि चक्क समोर बघितलं. त्याने बटण दाबलं. झालं काम.

"आता तुम्ही. टोपी काढा. भिंतीपाशी उभे राहा. मान सरळ."

"तुझा शिकाऊ हात, नुसती भिंत यायची."

"गप्प उभे राहा. आठवतं, लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या वडिलांना पलीकडच्या धक्क्यावरच विसरून बोट आणलीत?"

"विसरलो नव्हतो! ते शिव्या देत होते, म्हणून ठेवून आलो!" तो खदखदून हसला आणि तेवढ्यात कटकन आवाज झाला. सुमिए कॅमेरा घेऊन तिथेच खाली बसली. किती अशक्त झाली आहे ही, त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा कॅमेरा जागेवर नव्हता. "मीच देऊन आले परत," सुमिए म्हणाली. "आपल्याला काय करायचाय?"

फोटो आतच होता! पाठीत कळ येत होती तरी दुपारी तो उतार उतरून दुकानात गेला. वाकुई बाहेर गेला होता. त्याची बायको गिऱ्हाइकांत अडकलेली.

"सुमिए-सानचं ना?" तिने मान वर न करताच दोरीने बांधलेलं पुडकं पुढे केलं. "शुक्रवारी नेते म्हणाल्या होत्या, पण तयार आहे. सकाळी त्यांनी स्वतःच फोटो निवडून दिला."

स्वतःच! म्हणजे त्याचा बेत तिने केव्हाच ओळखला होता. ओळखूनही ती खिडकीपाशी बसली, केस सारखे केले. तेइझोला भरून आलं. आता घरी जाऊन तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, बाई, मला सगळं माहीत आहे, आता नाटक पुरे.

धक्क्यावरच्या बाकावर बसून त्याने दोरी सोडली, कागद उलगडला.

काळ्या चौकटीत, जन्मात कधी न घातलेला काळा किमोनो घालून, तो स्वतःच खदखदून हसत होता.