छपरावरचं पिवळं

वाऱ्याने पहिल्याच झटक्यात ड्रोन आडवा केला. नुल्फोने रिमोटवर दोन्ही अंगठे दाबून धरले, तसा तो कसाबसा सावरला आणि शाळेच्या मैदानावरून नदीच्या दिशेने सुटला. जाताना वारा पाठीशी होता म्हणून भर्रकन गेला. येताना हाच वारा तोंडावर असणार, हे नुल्फोला कळत होतं. असल्या हवेत ड्रोन उडवायचा नसतो, एवढं शेंबडं पोरही सांगेल. पण पूल पाण्याखाली होता, वारा पडेपर्यंत होडी सोडायची नाही असा वरून हुकूम होता, आणि नदीकाठच्या घरात त्याचा बाप एकटा होता.

वादळाची वर्दी आली की बायकापोरं टेकडीवरच्या शाळेत जातात आणि घरटी एक पुरुष राखणीला मागे राहतो, ही तिथली रीतच. कुणी डुकरासाठी राहतो, कुणी टीव्हीसाठी. नुल्फोचा बाप क्रिस्पुलो राहिला तो झुंजीच्या कोंबड्यांसाठी. कोंबड्यांना शाळेत मज्जाव होता, कारण मागच्या वादळात त्यांनी वर्गातच आखाडा मांडला होता आणि मोठ्या माणसांनी, लाज सोडून, पैजाही लावल्या होत्या. नुल्फो म्हणाला होता, ताताय, मी राहतो, तुम्ही वर जा. बापाने त्याला वेड्यात काढलं. तुला कोंबड्यातलं काय कळतं, तू तुझी ती भिंगरी घेऊन नीघ, म्हणाला. ही भिंगरी हाँगकाँगला घरकाम करणाऱ्या बहिणीने पाठवलेली. आजवर या ड्रोनने फक्त जत्रा आणि लग्नं टिपली होती.

गावचा प्रमुख, कापितान बेनिंग, नुल्फोच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. छत्री केव्हाच उलटी झाली होती, तरी धरून होता. रिमोटला लावलेल्या फोनच्या पडद्यावर नुसतं गढूळ पाणी दिसत होतं. भाताची खाचरं नाहीत, रस्ता नाही, नारळांचे तेवढे शेंडे. त्या शेंड्यांच्या खुणेने नुल्फो घर शोधत गेला. बॅटरी शिट्या मारू लागली. परतायचं तर आत्ताच, असं ते यंत्र सांगत होतं. त्याने ऐकलं नाही.

मग पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि त्यावर पिवळं काहीतरी.

‘क्रिस्पुलोचा रेनकोट,’ कापितान म्हणाला. ‘बसलाय बघ म्हातारा.’

तसला पिवळाधमक रेनकोट गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पुढचं बघायला कापितान थांबलाच नाही. छत्री तिथेच टाकून तो शाळेत धावला. आतून एकच गलका उठला. कुणी रडलं, कुणी बाक बडवले. कुणी म्हणालं, हा म्हातारा स्वर्गाच्या दारात गेला तरी दार राखणाऱ्या संत पेद्रोला आधी त्याच्या कोंबड्याची जात विचारील.

मैदानात नुल्फो एकटा उरला. त्याने ड्रोन खाली आणला. वारा त्याला छपरावर टिकू देईना. एकदा या बाजूला भिरकावला, एकदा त्या बाजूला, आणि मग बरोबर वर आणून सोडला. रेनकोट एका वेताच्या टोपलीवर पांघरलेला होता. त्याच्या बाह्या टोपलीखाली गाठ मारून आवळल्या होत्या, आणि टोपली दोरीने छपराला बांधली होती. फटीतून एक लाल तुरा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. बाकी छप्पर रिकामं होतं.

उरलेली बॅटरी नुल्फोने तिथेच घिरट्या घालण्यात घालवली. नारळाचा शेंडा न् शेंडा पाहिला. पाण्यावरून वाहत जाणारं लाकूड न् लाकूड पाहिलं. बापाला हाक मारावी म्हणून त्याचं तोंड दोनदा उघडलं, पण पडद्यात ओरडून नदीपर्यंत काय पोचणार? एवढं सगळं दिसत होतं आणि हात वीतभरही पुढे जात नव्हता. त्यापेक्षा आंधळा असतो तर बरं, असं त्याला वाटलं. शेवटी पाणी एकदम जवळ आलं आणि पडदा काळा झाला.

तो आत गेला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. ठीक दिसला का, हात केला का, सगळे एकदम विचारू लागले. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि समोर चुलीपाशी आई दिसली. सकाळपासून ती सगळ्यांसाठी आल्याची पेज ढवळत होती. पडद्यात बघायला ती बाहेर आलीच नव्हती.

‘बसलेत ताताय छपरावर,’ नुल्फो म्हणाला. ‘रेनकोट घालून. हातही केला.’

टाळ्या पडल्या. वारा पडला की पहिली होडी तुमच्याच घराकडे, असं कापितानने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. हळूहळू लोक आपापल्या चटयांवर परतले. आईने पेजेचा वाडगा भरून नुल्फोपुढे धरला. त्याने तो घेतला, पण तिने काही सोडला नाही.

‘नुल्फो,’ ती दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘कोंबडे भिजत ठेवून तुझा बाप कोट घालील होय रे?’